शेजारच्या बाजेवरची साक्ष: घोरणं, अडकणारा श्वास आणि आमचं उपकेंद्र

प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर 2024 ते एप्रिल 2025
ठिकाण: वर्धा जिल्हा, आर्वीकडचा ग्रामीण भाग. नोंद करणारी: समुदाय आरोग्य अधिकारी. रुग्णांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत.

8 ऑक्टोबर 2024

बीपीच्या रजिस्टरमधली लाल खुणेची पानं आज पुन्हा चाळली. तिसरी गोळी सुरू होऊनही ज्यांचा वरचा आकडा 150 च्या खाली यायला तयार नाही, अशी काही मंडळी आहेत. गोळ्या खरंच घेतात का, हे आशाताईंनी रिकाम्या पाकिटांवरून ताडून पाहिलंय. घेतात. मीठ, लोणचं, पापड यांवर बोलून झालंय. टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन आणि लघवीची गोळी अशा तिन्ही चालू असताना दाब हलत नसेल, तर मागचं कारण शोधायचं असतं. त्या कारणांच्या यादीत झोपेत श्वास अडकणं, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, बराच वर आहे.

आमच्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे आजारांची जोखीम चाळायच्या प्रश्नावलीत, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातले आजार असं सगळं विचारलं जातं. घोरण्याबद्दल एक ओळ नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "तुमच्या गावांपुरतं करून बघा. निधीचं मात्र नाव काढू नका." तेव्हा प्रकल्पाची सामग्री अशी: दोनशे पानी वही, शिंप्याची टेप, बीपीचं यंत्र आणि 2020 च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेतले उरलेले ऑक्सिमीटर. त्यातल्या अर्ध्यांचे सेल आतच फुटून स्प्रिंगवर हिरवा गंज चढलाय. सँडपेपरने घासून दोन चालू केले.

15 ऑक्टोबर

प्रश्नावली ठरली. 'स्टॉप-बँग' नावाची आठ प्रश्नांची चाळणी आहे, टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या गटाने 2008 मध्ये केलेली, मुळात भूल देण्याआधी रुग्ण चाळायला. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 35 च्या वर, वय 50 च्या वर, मान 40 सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. तीन 'हो' आले तर शंका, पाच किंवा जास्त आले तर दाट शंका.

बीएमआय 35 चा माणूस आमच्याकडे शोधून सापडायचा नाही. पण म्हणून सुटका होत नाही. खालचा जबडा लहान किंवा मागे सरकलेला असला की सडपातळ माणसाचाही घसा झोपेत मिटतो, आणि आपल्याकडे अशी ठेवण पुष्कळ दिसते. त्यामुळे वहीत एक रकाना वाढवला: बाजूने पाहिल्यावर हनुवटी आत गेलेली दिसते का?

मान मोजण्यावरून बैठकीत हशा झाला, पण अडचण खरी आहे. आशाताई म्हणजे गावची सून. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, त्या सासऱ्याच्या वयाच्या माणसाच्या गळ्याभोवती टेप कशी टाकायची? शेवटी असं ठरलं की टेप घरातल्या नातवाच्या नाहीतर बायकोच्या हातात द्यायची, आकडा आशाताईंनी वाचायचा. पोरांना हे काम फार आवडतं. सगळ्या घराच्या माना मोजून होतात.

24 ऑक्टोबर

"घोरता का?" याला पुरुषांची उत्तरं ठरलेली. "नाही." "थकल्यावर, थोडंसं." आणि सगळ्यात जास्त वेळा, "कष्टाची झोप हाय मॅडम, घोरनच माणूस."

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज इतका पक्का आहे की घोरणाऱ्याचा हेवा करतात. आज एका घरी काका ओट्यावर बसून नाही-नाही म्हणत होते आणि काकू दारात उभ्या राहून हसत होत्या. त्यांना आत नेऊन विचारलं.

"यायचं घोरणं तं गोठ्यात आयकू जाते मॅडम. त्याचं काई नाई. पन मधातच गप होतात नं, तवा भेव वाटते. म्या हालवलं का मंग घुर्र करून श्वास घेतात अन् कूस बदलतात."

बाहेरून काकांचा आवाज: "कायले फालतूचं सांगून राहिली वं?"

कित्येक वर्षं ही बाई रात्री उठून नवऱ्याला हलवते आहे. तिला विचारलं कुणीच नव्हतं. काका दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला एकटेच येतात.

आजपासून नियम: प्रश्न शेजारच्या बाजेवर झोपणाऱ्याला विचारायचा आणि एकांतात विचारायचा. "श्वास थांबतो का?" एवढंच विचारून भागत नाही, भिडेखातर कुणीही हो म्हणतं. त्यापुढे "मग तुम्ही काय करता?" हे विचारायचं. जिने खरोखर पाहिलंय तिचं उत्तर तयार असतं: हलवते, हाक मारते, नाकापाशी हात धरून बघते.

6 नोव्हेंबर

दिवाळीत काम थंड होतं, पण एक गोष्ट आपोआप झाली. पुण्याहून आलेल्या एका मुलाने वडिलांचं घोरणं गंमत म्हणून मोबाइलवर घेतलं आणि भावंडांच्या ग्रुपवर टाकलं. त्यांच्या सुनेने तो व्हिडिओ आशाताईंना दाखवला.

चित्रात काही नाही, अंधार आणि मच्छरदाणीची जाळी. आवाज मात्र स्वच्छ. घोरण्याची पट्टी चढत जाते, मग तुटते. मागे पंख्याची करकर आणि लांब कुठेतरी कुत्रं. मोबाइलवरचं सेकंदांचं घड्याळ पुढे सरकत राहतं: दहा, वीस, तीस. अडतिसाव्या सेकंदाला घशातून असा आवाज येतो की ऐकणारा दचकतो. मग दहा-बारा श्वास, आणि पुन्हा शांतता.

दहा सेकंद हवा थांबली तरी वैद्यकीय व्याख्येत ते अ‍ॅप्निया धरतात. तासाला असे, आणि अर्धवट अडकलेले, किती श्वास होतात त्यावर तीव्रता ठरते: 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 किंवा जास्त म्हणजे तीव्र. या आकड्याला एएचआय म्हणतात. मोबाइलवरून तो काढता येत नाही, पण डॉक्टरांना पटवायला असा व्हिडिओ लाख मोलाचा. आशाताईंना सांगितलं की जिथे शंका आहे तिथे घरच्यांनी पहाटे तीन ते पाचमध्ये रेकॉर्डिंग करावं. त्या वेळी स्वप्नांची झोप जास्त असते, स्नायू सर्वांत ढिले पडलेले असतात आणि श्वास जास्त अडकतो.

13 नोव्हेंबर

दिवसा पेंगणं हे लक्षण इथे फसवं आहे. कारण साधं: या दिवसांत माणसं रात्री झोपतच नाहीत. तुरीत रानडुकरं शिरतात, रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप येतात, म्हणून जागल. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री-फेजची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला मोटर चालू करायला गेलेला माणूस दुपारी बसल्या बसल्या डुलकी घेणारच, त्याला आजार कशाला लागतो?

म्हणून वहीत तीन प्रश्न वाढवले. जागलीला जाता का? या आठवड्यात लाईन रात्रीची आहे का? आणि कामाचा प्रश्न तिसरा: पावसाळ्यात, जागल नसताना, सात-आठ तास झोपूनही सकाळी अंग जड असतं का? तिसऱ्याला हो आलं तरच पेंग मोजायची.

पेंग मोजायला एपवर्थचं माप आहे, मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये केलेलं. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता 0 ते 3 अशी सांगायची, बेरीज 10 च्या वर गेली तर पेंग जास्त. प्रसंग आपल्याकडे बसेनात. 'वाचत बसलेले असताना' हे न वाचणाऱ्याला काय विचारणार? 'रहदारीत गाडी थांबली असताना' तर आमच्या रस्त्यावर घडतच नाही. ग्रामसभा, भजन, बंद फाटक असे प्रसंग घातले. बदललेलं माप मूळ माप राहत नाही, त्यामुळे बाहेर पाठवायच्या कागदावर एपवर्थचं नाव लिहायचं नाही, नुसतं वर्णन लिहायचं.

"छातीवर कोणीतरी बसतं, हात-पाय हलत नाहीत" असं सांगणारे दोघं-तिघं भेटले. ते वेगळं. त्यात माणूस जागा असतो, सगळं आठवतं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत सुटतं. अ‍ॅप्नियाच्या रुग्णाला सकाळी बहुधा काहीच आठवत नसतं. भीती शेजारच्याला वाटते.

पुढचा आठवडा निवडणुकीच्या कामाचा. वही बंद.

27 नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते सविस्तर लिहून ठेवते.

दुपारी अडीच. मागच्या महिन्यातले ते गोठ्यापर्यंत ऐकू जाणारे काका, वय 52, गोळ्या न्यायला आले आणि बाकावरच कलंडले. बीपी 164 वर 102. मान 43. काकूंना फोन करून विचारलं, मग काकांनाही विचारून तपासणीच्या टेबलावर उताणं झोपवलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आणि सिस्टर व मी स्टुलं ओढून बसलो.

जागेपणी 97. पाच मिनिटांत घोरणं सुरू. मग आवाज थांबला. पोट मात्र हलत राहिलं, छाती एकीकडे आणि पोट दुसरीकडे, श्वास ओढण्याची धडपड चालू पण नाकापाशी धरलेला कापूस निश्चल. ऑक्सिमीटरवर अजून 96 च. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, ऑक्सिजन तर छान आहे." तेवढ्यात काकांनी खर्रकन श्वास घेतला आणि आता आकडा पडायला लागला: 93, 89, 84, 82. श्वास सुरू झालेला, आणि आकडा खालीच. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला आणि यंत्राला सरासरी काढायला वीस-तीस सेकंद लागतात, म्हणून सगळ्यात खालचा आकडा श्वास परतल्यावर दिसतो. हे ठाऊक नसेल तर पाहणारा नेमका उलटा अर्थ काढेल. नाडी त्याच वेळी 64 वरून 98 वर.

असं परत परत. दर खेपेला मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, घशाचे स्नायू आवळतो, आणि सोबत अ‍ॅड्रिनलिनचा फटका देतो. रात्रभर असे फटके खाल्लेल्या रक्तवाहिन्या दिवसाही सैल पडत नाहीत. तीन गोळ्यांना दाद का मिळत नव्हती ते टेबलावरच दिसलं.

ही तपासणी नव्हे, हे वहीत ठळक लिहिलंय. दुपारच्या झोपेत काही दिसलं नाही तर आजार नाही असं कुणी म्हणू नये. काळ्यासावळ्या कातडीवर हे यंत्र थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णात आकडा मुळातच भरवशाचा नसतो, आणि आपल्या भागात सिकलसेल कमी नाही.

5 डिसेंबर

पहिला रेफर केलेला रुग्ण परत आला. शहरातल्या एका दवाखान्यात चिठ्ठीवर 'वजन कमी करा' एवढं लिहून मिळालं. रुग्णाचं वजन 61 किलो आहे. सोबत झोप नीट लागावी म्हणून अल्प्राझोलाम. घशाचे स्नायू आधीच ढिले पडतात म्हणून श्वास अडकतोय, आणि त्यावर स्नायू आणखी ढिले पाडणारी, मेंदूला उशिरा जागं करणारी गोळी. डॉक्टर मॅडमना फोन लावून ती बंद केली.

रेफरल चिठ्ठी यापुढे अशी लिहायची: बीपीचे गेल्या तीन महिन्यांचे आकडे, चालू गोळ्या, मान, कुणी काय पाहिलं ते त्याच्या शब्दांत, ऑक्सिमीटरचा सर्वांत खालचा आकडा. शेवटी सरळ मागणी: 'स्लीप स्टडी करावी ही विनंती.' आणि सोबत बायकोला पाठवायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. ओपीडीत एकटा बसलेला पुरुष पुन्हा "थोडंसं घोरतो" हेच सांगणार.

19 डिसेंबर

52 वर्षांच्या काकांची स्लीप स्टडी झाली. नागपूरला लॅबमध्ये रात्रभर झोपवून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, ईसीजी सगळं नोंदवतात. त्यापेक्षा स्वस्त म्हणून त्यांना घरी न्यायचं छोटं यंत्र दिलं: नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. दाट शंका असलेल्या आणि दुसरा मोठा आजार नसलेल्या रुग्णाला एवढ्यावर निदान करता येतं.

एएचआय 47. सर्वांत कमी ऑक्सिजन 71 टक्के. काका कागद उलटसुलट करत म्हणाले, "म्हंजे येका तासात सत्तेचाळीस खेपा?" काकू म्हणाल्या, "मंग मी का झोपू देत नाई म्हनता मले!"

3 जानेवारी 2025

काकांसाठी सीपॅप नावाचं यंत्र घ्यायचं का, यावर ओट्यावर दोन तास. मी ते कसं चालतं हे सांगितलं, पण त्यांच्या शेतातल्या लपेटा पाइपनेच काम केलं. मोटर चालू असेस्तोवर तो पाइप फुगून गोल राहतो, मोटर बंद केली की जमिनीला चिपकतो. झोपेत घसा तसाच चिपकतो. यंत्र मास्कमधून हवेचा सौम्य दाब आत देत राहतं, घसा उघडा राहतो. त्यात ऑक्सिजनचा सिलिंडर नाही, औषध नाही. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपाय पहिल्यांदा मांडला. त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडण्याखेरीज हमखास इलाज नव्हता. हे ऐकून काका जरा नरमले.

"बंद केलं का पुन्ना तसंच?" हो, तसंच. हा चष्म्यासारखा इलाज आहे असं नेहमी सांगतात, पण चष्मा चारशे रुपयांत येतो. यंत्र 36 हजारांचं सांगितलं. मध्यम धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव 7,121 रुपये क्विंटल, म्हणजे पाच क्विंटलांहून जास्त कापूस. आणि हमीभाव हातात पडेल तेव्हा.

मुलाने इंटरनेटवर जुनं यंत्र 12 हजारांत शोधलं होतं. मी नको म्हटलं. एका बड्या कंपनीने 2021 मध्ये आतला आवाज दाबणारा फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या भीतीने जगभरातून लाखो यंत्रं परत मागवली होती. त्यातलं एखादं फिरत फिरत इथवर आलं तर कळणार कसं? शेवटी नवं यंत्र महिनाभर भाड्याने घेऊन बघायचं ठरलं. हा मार्ग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. ज्याला मास्क सोसतच नाही त्याचे पाच क्विंटल तरी वाचतात.

11 जानेवारी

पहिला आठवडा वाईट. रात्री दोनला मास्क काढून बाजेखाली टाकलेला. कारणं एकेक करून शोधली.

मिशा. काकांच्या मिशा भरघोस, नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कची कड त्यावर टेकते आणि हवा फुसफुसत डोळ्यांत जाते. मिशा काढा म्हणण्याची माझी छाती झाली नाही. फक्त नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क बदलून घेतला, गळती थांबली.

डोक्याचं तेल. पट्टे सरकतात, सिलिकॉन निसरडं होतं. रात्री तेल नाही, मास्क रोज साबणाच्या पाण्याने.

आणि कापूस. भाव वाढेल म्हणून झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्याला टेकूनच बाज. घरात सगळ्यांना खाज, सगळ्यांची नाकं चोंदलेली. यंत्राचा फिल्टर काढून पाहिला तर त्यावर पांढऱ्या तंतूंची गादी. चोंदलेल्या नाकातून दाब जाणार कसा? बाज पडवीत आणली, फिल्टर आठवड्याला झटकायचा, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या, टाकीत बोअरचं पाणी भरलं होतं, आठवड्यात पांढरा थर. तूर्त टाकी बंदच. त्याने विजेची भूकही निम्म्याहून कमी होते आणि घरच्या इन्व्हर्टरवर रात्र निघते, जे आमच्या फीडरवर गरजेचं आहे.

सवयीसाठी संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायला सांगितलं. नातवाला ते विमान चालवणं वाटतं.

22 जानेवारी

शेजारच्या बाजेचा नियम बायकांच्या बाबतीत आपटतोय. रजिस्टरमध्ये संशयित जवळजवळ सगळे पुरुष. आजार पुरुषांत जास्त हे खरं, पण पाळी गेल्यावर बायकांतही तो वाढतो. मग त्या कुठे आहेत? विधवा बाई एकटी झोपते, तिला ऐकणारं कुणी नाही. नवरा असला तरी तो ढाराढूर. शिवाय बाईने घोरणं लाजेचं, त्यामुळे "घोरता का?" विचारलं की तोंडाला पदर. त्या येतात त्या दुसऱ्याच तक्रारी घेऊन: झोप येत नाही, सकाळी डोकं दुखतं, रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठावं लागतं, जीव नको होतो. या तक्रारींवर त्यांना टॉनिक मिळतं, नाहीतर झोपेची गोळी.

आज 58 वर्षांच्या आजी. साखर नॉर्मल, लघवीत जंतू नाहीत, तरी रात्री लघवी. सहावीतला नातू सोबत आला होता, तोच त्यांच्याजवळ झोपतो. त्याला विचारलं, आजी घोरते का? तो म्हणाला, "घोरत नाई. मधामधात बंद पडते."

आजींनी त्याला चापट मारली. मी वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. श्वास अडकला की छातीत ओढ वाढते, हृदयावर ताण येतो, आणि हृदय लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं, म्हणून रात्रीच्या खेपा. थायरॉइडची तपासणी सांगितली, तेही घोरण्यामागचं एक कारण असतं. सध्या कुशीवर झोपायचं. त्यांच्या चोळीला पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घालायचा, म्हणजे उताणं होता येत नाही. पुरुषांच्या बंडीला हाच खिसा गावातला शिंपी वीस रुपयांत लावून देतोय. सौम्य रुग्णांत, ज्यांचा श्वास उताणं झोपल्यावरच अडकतो, त्यांना याने खरंच फरक पडतो. आणि झोळ पडलेली बाज ताणून घ्या, हे प्रत्येक घरी सांगणं चालू आहे. झोळात मान छातीवर येते.

4 फेब्रुवारी

शाळा तपासणीचं पथक आलं होतं, त्यांना एक विनंती केली: तोंड उघडं ठेवून श्वास घेणारी, वर्गात झोपणारी किंवा उलट अंगात वारं भरल्यासारखी वागणारी, अंथरूण ओलं करणारी मुलं पाहा, आणि घसाही पाहा. दुसरीतल्या एका मुलीचे टॉन्सिल मध्यावर जवळपास टेकलेले. आई सांगते, बसून झोपते. मुलांमध्ये बहुतेकदा टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी काढल्या की काम होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवली. सिकलसेलच्या मुलांत रात्री ऑक्सिजन उतरणं जास्तच धोक्याचं, त्यांची यादी वेगळी मागवलीय.

20 फेब्रुवारी

पिकअप चालवणारा भाऊ, वय 41. मृग बहाराची संत्री रात्री भरून पहाटे नागपूरला कळमन्याच्या बाजारात. दोनदा गाडी बाजूला उतरली, एकदा डाव्या आरशाला झाड घासून गेलं. "डोळा लागला नाई मॅडम, ब्लँक झालो." मान 42, बायकोची साक्ष पक्की. जिल्ह्यात दारूबंदी असून रोज रात्री घ्यायला मिळतेच, आणि दारूवर घोरणं दुप्पट.

सीपॅप त्यालाच नको, परवडतही नाही. जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं साधन मिळतं, सौम्य-मध्यम आजारात चालतं. पण खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, तोंड दोन बोटंही उघडत नाही, दंतवैद्य माप घेणार कसं? घसा पाहायला टॉर्च मारली तर जिभेच्या पुढे काही दिसलं नाही.

रात्रीचं ड्रायव्हिंग इलाज सुरू होईपर्यंत बंद, हे मी लेखी दिलं. तो चिडला, हप्ते कोण भरणार म्हणाला. प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. मालकाशी बोलून महिनाभर दिवसाच्या फेऱ्या मिळाल्या, तेही बायको स्वतः गेली म्हणून. स्लीप स्टडीची तारीख मार्चची.

26 मार्च

काकांच्या यंत्राचं कार्ड वाचलं. रोज सरासरी पाच तास चाळीस मिनिटं वापर, उरलेला एएचआय 4. चार तासांच्या वर, दहातल्या सात रात्री, ही नियमित वापराची रूढ रेषा, ती ओलांडली. भाड्याचं यंत्र त्यांनी विकत घेतलंय. बीपी 140 वर 88, त्याच तीन गोळ्यांवर. सगळं श्रेय यंत्राचं नाही. सीपॅपने दाब सरासरीने थोडाच उतरतो, हट्टी बीपीत जरा जास्त. याच काळात गोळ्याही वेळेवर जाऊ लागल्या, कारण काकू आता दोन्हीवर लक्ष ठेवतात. काकांच्या मते खरा फरक वेगळाच: दुपारी बैलगाडीत ते पेंगायचे आणि बैल स्वतःच घरी आणायचे, आता हाकावे लागतात.

वजन कमी करणाऱ्या टिर्झेपटाइड इंजेक्शनबद्दल दोघांनी विचारलं. स्थूलपणासोबत मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असेल तर त्याला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली आणि याच महिन्यात ते भारतात आलं. सुरुवातीच्या डोसची कुपी साडेतीन हजार, आठवड्याला एक. आमच्या बहुतेक रुग्णांचं वजन त्या गटातही बसत नाही. ज्यांचं बसतं त्यांना दहा टक्के वजन उतरलं तरी श्वास अडकणं साधारण पाव हिश्श्याने कमी होतं, एवढं सांगून आहाराच्या तक्त्याकडे वळवते.

9 एप्रिल

पारा 42 वर. गाव बाहेर झोपायला लागलं. काकांच्या अंगणात यंत्रासाठी एक्स्टेंशन बोर्ड ओढून दिला, वायर पायवाटेवरून न नेता भिंतीच्या कडेने.

आज बैठकीत आशाताई म्हणाल्या, "मॅडम, आता सगळी गल्ली आंगनात झोपते. कोन बाई घोरते थे सगळ्याईलेच मालूम." हे आधी सुचलं नव्हतं. चार महिने एकट्या झोपणाऱ्या बाईचं घोरणं आता सात घरांना ऐकू येतं. एप्रिल-मेमध्ये 45 च्या पुढच्या सगळ्या बायकांची फेरी पुन्हा घ्यायची, या खेपेला प्रश्न शेजारणींना. लाज राहावी म्हणून नाव घेऊन विचारायचं नाही. "तुमच्या आळीत रात्री कुणाचा श्वास अडकल्यासारखा वाटतो का?" असं विचारून नाव सांगितलं तर फक्त आशाताईंच्या वहीत.

डॉक्टर मॅडमनी रात्रभर आकडे साठवून ठेवणाऱ्या मनगटी ऑक्सिमीटरची मागणी रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवलीय. मंजूर झालं तर पहिली रात्र 'बंद पडणाऱ्या' आजींची, थायरॉइडचा रिपोर्टही नॉर्मल आलाय. फेरी सोमवारपासून, बाजाराचा दिवस सोडून.